एका ताग्याचं कापड

३ जून

ताई,

नमस्कार-चमत्कार राहू दे. इतकी वर्षं तू दर जानेवारीत एक कार्ड पाठवतेस, त्यावर 'सर्व ठीक' लिहितेस, आणि मीही उलट टपाली 'इकडेही' एवढंच लिहून मोकळी होते. आता सर्व ठीक नाही, हे मला तुझ्याकडून नाही, माझ्या पोटच्या पोरीकडून कळलं.

तुझ्या दोन्ही किडन्या गेल्यात. दिवसाआड तू मशीनला लावलेली असतेस. आणि आमची पिंगळी, जिला तुझ्या शहरात नोकरी लागली तेव्हा 'मावशीकडे फार जात जाऊ नकोस' असं मी बजावून ठेवलं होतं, ती मला न विचारता तुला स्वतःची किडनी द्यायला निघाली. कार्टीने सगळ्या तपासण्या करून घेतल्या आणि नकार आल्यावर मला फोन केला. होकार आला असता तर टाके पडल्यावरच कळवलं असतं.

फोन मीही करू शकले असते. पण फोनवर तू गप्प बसलीस तर ती शांतता मला वाचता येत नाही. कागदावर माणूस काय गाळतो ते दिसतं. कापड कारखान्याच्या फाटकावर बायकांच्या पिशव्या तपासण्यात माझा जन्म गेला, तेव्हा एवढं तरी मला कळतं.

नकार का आला ते पिंगळीने सांगितलं. शरीर आपलं कोण आणि परकं कोण हे कसं ओळखतं, त्यातली जी जनुकं असतात, त्यांच्यावरच तिचं काम चालतं. प्रत्येकाच्या पेशींवर म्हणे एक छाप असतो. अर्धा आईचा, अर्धा बापाचा. पिंगळीचा जो अर्धा छाप माझ्याकडून आला, त्याला तुझं रक्त काही म्हणालं नाही. यांच्याकडून आलेला अर्धा मात्र तुझ्या रक्ताने बघताक्षणी ओळखला आणि त्याच्या अंगावर धावून गेलं. म्हणजे त्या छापाविरुद्ध तुझ्यात पहारा आधीपासूनच बसलेला आहे.

असा पहारा सहसा आपोआप बसत नाही. त्या छापाच्या माणसाचं रक्त चढवलेलं असावं लागतं, नाहीतर अवयव बसवलेला, नाहीतर त्या छापाचं मूल पोटात वाढलेलं. दवाखान्यातल्या बाईंनी तुला तिन्ही गोष्टी विचारल्या. पिंगळी शेजारीच बसली होती. तू तिन्हींना 'नाही' म्हणालीस.

मी पिंगळीला विचारलं, मग आला कुठून? ती म्हणाली, कधीकधी कळत नाही गं आई. आणि वर हसत हसत सांगितलं की माझं रक्त तपासलं तर माझ्यातही बाबांच्या छापाविरुद्ध असाच पहारा सापडेल, कारण मी तिला नऊ महिने पोटात वागवलं. म्हणून तर बायकोला नवऱ्याची किडनी बरेचदा चालत नाही. तिला ही गंमत वाटली.

मला वाटली नाही. माझ्यातला पहारा मला तिच्यामुळे मिळाला. तुझ्यात कुठून आला, ताई?

तब्येतीला जप.

तुझी धाकटी

१८ जून

ताई,

तुझ्या चार ओळी मिळाल्या. 'तू विचारतेस त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. पिंगळीच्या नादी लागून तपासणी करू नकोस. माझं जगून झालं आहे. तू तुझं घर सांभाळ.'

फाटकावर दोन प्रकारच्या बायका येतात. एक म्हणते, बघा हवं तर. तिला मी सोडते. दुसरी म्हणते, माझ्याकडे काय बघायचंय? तिला मी बाजूला घेते. तू 'तपासणी करू नकोस' लिहिलंस म्हणून मी दुसऱ्याच दिवशी जाऊन रक्त देऊन आले.

निकाल तुला पिंगळीने सांगितला असेलच. तुझे आणि माझे दोन्ही अर्धे तंतोतंत जुळतात. भावंडांत चारात एखादंच असं निघतं म्हणे. पिंगळी फोनवर रडत होती. आई, तुझी किडनी मावशीला सगळ्यांत चांगली, असं पुन्हा पुन्हा म्हणत होती. लहानपणी आपल्या दोघींचं एकाच ताटात कधी पटलं नाही, आणि रक्त बघ कसं निघालं.

संध्याकाळी यांना सांगितलं. हे नुकतेच पाणीपुरवठ्याच्या पंपघरातून आले होते, बूट काढत होते. मान वर न करता म्हणाले, "देऊन टाक."

ताई, हा माणूस शेजाऱ्याला छत्री द्यायची झाली तर आधी आकाशाकडे बघतो. बायकोची किडनी त्यांनी एक बूट पायात असताना देऊन टाकली. मी म्हणाले, विचार करू द्याल की नाही? तर म्हणाले, विचार कसला, तिला आता तीन मजले चढवत नसतील.

मी पुढे काही बोलले नाही. बोलले असते तर ते सावध झाले असते. पण तू तिसऱ्या मजल्यावर राहतेस हे यांना कुणी सांगितलं? मी तर नाही, कारण मलाच माहीत नव्हतं. कार्डावर तू इमारतीचा नंबर लिहितेस, मजला लिहीत नाहीस. मी आडून पिंगळीला विचारलं, बाबांशी मावशीच्या घराबद्दल कधी बोललीस का? ती म्हणाली, बाबा मावशीचा विषय निघाला की उठूनच जातात, त्यांच्याशी काय बोलणार?

तिला विचारलं, मावशीचं घर कितव्या मजल्यावर आहे? तिसऱ्या, म्हणाली. पहिल्यापासून तिथेच राहते.

किडनीचं म्हणशील तर इथल्या डॉक्टरांना माझं ब्लडप्रेशर जरा जास्त वाटतंय. थांबा म्हणालेत.

तुझी धाकटी

६ जुलै

ताई,

तुझं उत्तर नाही. पिंगळी म्हणते, मशीनवरून उठलीस की तुझे हात थरथरतात, लिहिता येत नाही. असेल. आजारी माणसाला खोटं ठरवायला मलाही जड जातं, पण हात थरथरण्याआधीही तू मला काही लिहिलं नव्हतंस.

मी आता पिंगळीची शिकवणीच लावली आहे. तिला वाटतं आईला विज्ञानाची गोडी लागली. मी विचारलं, इतके वेगवेगळे छाप आणि पहारे हवेत कशाला? एक चांगलासा करून सगळ्यांना वाटून टाकायचा होता, म्हणजे कुणाचीही किडनी कुणालाही चालली असती. ती म्हणाली, आई, मग आपण उरलोच नसतो. माणसाच्या सगळ्या जनुकांमध्ये सगळ्यांत जास्त प्रकार याच ठिकाणी आहेत, हजारोंनी, आणि ते रोगांनी घडवलेत. सगळ्यांचा पहारा एकसारखा असला तर त्याला चुकवायचं कसं हे रोगजंतू शिकतात, आणि एका साथीत सगळी वस्ती आडवी होते. ज्याच्याकडे आडनिडा पहारा असतो तो वाचतो. त्याची मुलंबाळं वाढतात, तो पहारा नेहमीचा होऊन बसतो, मग जंतू त्यालाही शिकतात आणि दुसऱ्याच कुणाची तरी पाळी येते. हे लाखो वर्षं चाललंय. यातले काही प्रकार तर माणूस माणूस होण्याच्या आधीपासूनचे आहेत म्हणे, वानरांतही त्यांचे जवळचे सोबती सापडतात.

हे मला कुणी शिकवायला नको. मी रोज एकच खिसा तपासला तर आठवड्याभरात अख्खा कारखाना दुसऱ्या खिशातून बाहेर जाईल. म्हणून मी एक दिवस जेवणाचे डबे उघडते, एक दिवस अंबाडे सोडायला लावते, एक दिवस नुसत्या चपला बघते. बायका मला शिव्या घालतात, पण चोरी होत नाही.

मग मी तिला त्या तापाच्या वर्षाबद्दल विचारलं. एकच घर, एकच नळ, एकाच आईची दोन मुलं. यांचे दादा, थोरले भावोजी, गेले आणि हे उठून बसले, असं कसं? ती म्हणाली, सख्ख्या भावांचे पहारेही पूर्ण सारखे नसतात, कदाचित त्यातला एखादा बाबांना तारून गेला असेल. पण खात्रीने कुणी सांगू शकणार नाही.

ती त्या वर्षी माझ्या मांडीवर होती, म्हणून तिला ठाऊक नाही. तुला ठाऊक आहे. साथ सुरू झाली तशी सासूबाईंनी मला आणि तान्ह्या पिंगळीला घेऊन गाव सोडलं. मागे दोघे भाऊ तापाने फणफणलेले, आणि त्यांच्या उशाशी तू. तू आपणहून आलीस. मी तेव्हा तुझ्या पाया पडायचंच काय ते बाकी ठेवलं होतं. महिन्याभराने परतले तर भावोजी नव्हते, यांच्या अंगाचा सापळा झाला होता आणि तुझे डोळे सुजलेले होते. दोनच दिवसांत तू सामान बांधलंस. मी थांब म्हणाले. तू माझ्याकडे न बघता म्हणालीस की काम आहे.

तू अंघोळीला गेली होतीस तेव्हा मी तुझी पिशवी बघितली.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. फाटकावरची नोकरी तेव्हा नवी होती, हाताला सवय लागलेली होती, असं म्हण हवं तर. पिशवीच्या तळाशी, तुझ्या कपड्यांच्या खाली, निळ्या पट्ट्यांचा शर्ट होता. नीट घडी घातलेला. सासूबाई दोघा मुलांना नेहमी एकाच ताग्यातून कापड फाडायच्या. दोघे शेजारी उभे राहिले की बँडवाले दिसायचे, आपण दोघी किती हसायचो. पण भावोजींचे कपडे साथीच्या बंदोबस्ताला आलेल्या माणसांनी मागच्या अंगणात जाळले होते, उशीसुद्धा ठेवली नव्हती. हे मला यांनीच सांगितलं होतं. म्हणजे त्या कापडाचा एकच शर्ट जगात उरला होता, आणि तो माझ्या नवऱ्याचा होता.

मी तो होता तसा ठेवला, पिशवीचा बंद ओढला आणि तुला चहा केला. तुझ्या कार्डांना 'इकडेही' एवढंच उत्तर का येत होतं ते आता तुला कळलं असेल.

मला भांडायचं नाही. वय राहिलं नाही. मला दोनच गोष्टी हव्यात. मूल होतं का? आणि होतं तर ते कुठे आहे? तू खरं लिहीपर्यंत माझं ब्लडप्रेशर उतरणार नाही, आणि ते उतरल्याशिवाय इथले डॉक्टर सही करणार नाहीत. हे वाचून तुला माझी किळस येईल. येऊ दे.

तुझी धाकटी

२४ जुलै

ताई,

हे पत्र माझ्या आधी तुझ्याकडे पोचावं म्हणून आजच पेटीत टाकते आहे.

पिंगळी रजा काढून आली होती. तिला तुझी काळजी वाटते. या महिन्यात तुझी दोनदा मशीनवर शुद्ध हरपली, हे तिने मला दारातच सांगितलं. मग चपला काढून विचारलं, आई, तू खरंच डॉक्टरांकडे गेली होतीस का? मी चिडले. चिडल्यावर माणूस नको ते बोलतो. मी तिला सगळं सांगून टाकलं. शर्ट, तिसरा मजला, तुझं तीनदा 'नाही', आणि तिच्या बापाचा छाप तुझ्या रक्ताला कसा ओळखीचा निघाला ते.

पोरगी माझ्यासमोर येऊन बसली. मला वाटलं रडेल. मग म्हणाली, "आई, मावशीच्या रक्ताने छाप ओळखलाय, माणूस नाही. तू दोन्ही एकच धरून बसलीस."

तिने मला पुन्हा पहिल्यापासून समजावलं. तो छाप बाबांपासून सुरू झालेला नाही. तो आजोबांकडून आला, त्यांना त्यांच्या कुणाकडून तरी, आणि तसा तो किती पिढ्या मागे जातो हे कुणालाच सांगता येणार नाही. तोच छाप अंगावर घेऊन हजारो माणसं रस्त्याने चालतात. मी म्हणाले, हजारो असतील गं, पण त्या महिन्यात त्या घरात हजारो नव्हते. त्या घरात होतंच कोण?

तिने काकांना कळत्या वयात पाहिलेलं नाही. आणि मी, जिने पाहिलं होतं, ती तशीच तणतणत आतल्या खोलीत गेले, कारण कामावरच्या कोटाचं बटण तुटलं होतं आणि दुपारची पाळी होती.

बटणांच्या डब्यात, अगदी तळाशी, शिंपल्याच्या पांढऱ्या बटणांची एक माळ होती. जुना कपडा फाडताना बटणं काढून एका दोऱ्यात ओवायची, ही आईची सवय आपल्या दोघींना आहे. एका बटणामागे निळ्या पट्ट्यांच्या कापडाची चिंधी राहिली होती.

मी ती चिंधी उजेडात धरली, ताई. तो शर्ट मी स्वतः फाडला होता. पिंगळी शाळेत जायला लागली त्या वर्षी, कोपर विरले म्हणून, पुसण्याची फडकी करायला. यांचा शर्ट. तो या घरातून कुठे गेलाच नव्हता. तू गेल्यावर कितीतरी वर्षं मी तो माझ्या हाताने धुतला, वाळत घातला, घडी करून फळीवर ठेवला, आणि एकदाही माझ्या मनात आलं नाही की हा इथे आहे तर तो तुझ्या पिशवीतला कुणाचा? संशयाला एकदा चोर मिळाला की तो पुढे कुणाची झडती घेत नाही. दोन भाऊ, एका ताग्याचं कापड. सासूबाईंना हसणारी मी, आणि मलाच ते दिसलं नाही.

कामावर गेले नाही. हे आले तेव्हा चहाच्या कपाशेजारी ती बटणांची माळ ठेवली. त्यांनी बघितली. पहिल्यांदा ओळखली नाही, मग चिंधी दिसली आणि त्यांचा हात कपावरच राहिला.

"दादाने शपथ घातली होती," ते म्हणाले. "ती सांगेल तेव्हाच सांगायचं. तिने कधी सांगितलंच नाही."

मग हळूहळू बोलले. साथीच्या आधीपासूनच भावोजींचं आणि तुझं ठरलं होतं. सवड बघून मला सांगायचं, असंही ठरलं होतं. मग ताप आला. साथीची माणसं कपडे जाळायला आली तेव्हा यांना उभं राहवत नव्हतं, तरी यांनी तो शर्ट पाण्याच्या टाकीमागे लपवला आणि उकळून तुझ्या हातात दिला. तू पोटात मूल घेऊन या घरातून निघालीस, आणि मी तुला चहा केला होता.

तिसऱ्या मजल्याचं मी विचारलंच नाही. तेच म्हणाले, "मी एकदा गेलो होतो. सातवा महिना होता, बाळ राहिलं नव्हतं. बाळाला घेऊन जायला तिच्याकडे दुसरं कुणी नव्हतं." मला आठवलं. नवा पंप बघायला चाललोय असं सांगून हे दोन दिवस गेले होते. परतल्यावर पंप कसा आहे विचारलं, तर म्हणाले होते, लहान आहे. त्यावर मी त्यांची चेष्टा केली होती.

मी रडले. पिंगळी होती, हे होते, तरी रडले. मला इतकी वर्षं वाटत होतं की या घरात माझी फसवणूक झाली. आणि इथे तर माझ्याच बहिणीने मला न सांगता एक माणूस जाळला आणि एक मूल पुरलं. तुझ्या त्या लेकराचं नाव आमच्यापैकी कुणी घेतलं नाही, त्याला यांच्याशिवाय कुणी पाहिलं नाही. फक्त तुझ्या रक्ताने त्याला इतकी वर्षं लक्षात ठेवलं. दवाखान्यातल्या बाईंनी विचारलं तेव्हाही शेजारी पिंगळी, त्याचीच बहीण. चुलत म्हणावं की मावस, दोन्हीकडून तीच. तिच्यासमोर तू दुसरं काय म्हणणार होतीस?

रागही आहे, तोही लिहून टाकते. तू मला सांगायला हवं होतंस. मी वाईट बोलले असते, चार दिवस बोलले नसते, पण पाचव्या दिवशी तुझ्या जिन्यावर येऊन बसले असते. तू माझ्यावर तेवढाही भरवसा ठेवला नाहीस. भावोजींनी शपथ घातली यांना, तुला नाही.

ब्लडप्रेशर मला कधीच नव्हतं. काल खरोखरच डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सगळं बघितलं आणि म्हणाले, तब्येत उत्तम आहे, एका किडनीवर आरामात काढाल. गुरुवारी सकाळी मी तुझ्याकडे पोचते, हे माझ्यासोबत येतील. तीन मजले चढताना धाप लागली तर तुझ्या दारात बसेन, पण परत जाणार नाही. तू 'माझं जगून झालंय' लिहिलंस ते मी मानत नाही. ज्या दिवशी माझी किडनी तुझ्या पोटात जाईल, त्या दिवशी तुझं रक्त तिला बघून काहीही म्हणणार नाही, असं पिंगळी सांगते. बाकी आपण दोघी म्हणायचं ते म्हणून घेऊ.

एक सांगून ठेव. मुलगा होता की मुलगी? यांना विचारलं, तर म्हणाले, ते तिने सांगायचं.

तो शर्ट तुझ्याकडे अजून असणार. 'नाही' म्हणू नकोस, तुझं 'नाही' आता मला ओळखता येतं. त्याचं एखादं बटण गळलं असेल तर नवं घेऊ नकोस. तसलीच बटणं मी आणते आहे, सुईदोऱ्यासकट, पिशवीत सगळ्यांत वर. या खेपेला पिशवी माझी. मी अंघोळीला जाईन तेव्हा तू उघडून बघ.

तुझी धाकटी